उगम आणि आरंभ : 'द अमेझिंग स्पायडर-मॅन' आणि पुनर्कथनाचा प्रश्न

(१)

ज्ञात असलेली कथा पुन्हा का सांगितली जाते, हा प्रश्न भारतीय वाङ्मयविचाराला नवा नाही. रामकथेच्या अनेकत्वाचा विचार करताना ए. के. रामानुजन यांनी 'आवृत्ती', 'पाठभेद' यांसारख्या संज्ञांऐवजी 'कथने' ही संज्ञा पसंत केली. आवृत्ती म्हटले की कोठेतरी एक अविकारी मूळ संहिता आहे आणि बाकी सारी तिची विचलने आहेत, असे गृहीत धरले जाते, हे त्यामागील कारण होते. परंपरेतील पुनर्कथनाला कोणाचीही अनुज्ञा लागत नाही आणि एक कथन दुसऱ्याला रद्द करीत नाही. गेल्या काही दशकांत अमेरिकी चित्रपटव्यवसायात रूढ झालेला 'रीबूट' हा प्रकार मात्र याहून मूलतः वेगळा आहे. संगणक बंद करून पुन्हा सुरू करण्याच्या क्रियेवरून ही संज्ञा आली आहे. पुनर्निर्मितीत एक चित्रपट नव्याने केला जातो. उत्तरभागात कथा पुढे नेली जाते. रीबूटमध्ये, म्हणजे आपण ज्याला 'पुनरारंभ' म्हणू त्यात, मालिकेचा सारा संचित भूतकाळ रद्दबातल ठरवून तीच व्यक्तिरेखा पुन्हा पहिल्या पायरीवर उभी केली जाते. प्रेक्षकाने पाहिलेले विसरावे, आणि तरीही नव्या-जुन्याची तुलना करण्यापुरते ते लक्षात ठेवावे, अशी दुहेरी अपेक्षा त्यात असते.

मार्क वेब दिग्दर्शित 'द अमेझिंग स्पायडर-मॅन' (२०१२) हे या प्रकाराचे लक्षणीय उदाहरण होय. सॅम रायमी यांचे याच नायकावरील तीन चित्रपट २००२, २००४ आणि २००७ साली आले. नियोजित चौथा चित्रपट जानेवारी २०१० मध्ये सोडून देण्यात आला आणि सोनी या निर्मितीसंस्थेने कथा पुन्हा शाळकरी वयापासून सुरू करण्याचे ठरविले. मार्व्हल या प्रकाशनसंस्थेकडून मिळविलेले चित्रपटाचे हक्क टिकवावयाचे तर ठरावीक मुदतीत नवा चित्रपट काढणे सोनीला भाग होते. म्हणजे येथील पुनर्कथनाची प्रेरणा वाङ्मयीन नाही, ती कराराची आहे. परंतु एवढे म्हणून विषय संपत नाही. कथा पुन्हा का सांगितली गेली, याचे उत्तर करारात सापडते. ती कशी सांगितली गेली, याचे उत्तर संहितेतच शोधावे लागते. सुमारे दहा वर्षांनी तीच कथा सांगावयाची तर काहीतरी बदलणे अपरिहार्य असते, आणि काय बदलले व काय राखले यांतून त्या कथेविषयीची, पर्यायाने सामर्थ्य आणि जबाबदारी यांविषयीची एक भूमिका व्यक्त होते.

या भूमिकेच्या आकलनासाठी एडवर्ड सैद यांनी 'बिगिनिंग्ज' (१९७५) या ग्रंथाच्या संदर्भात केलेला भेद उपयोगी पडतो. 'उगम' हा दैवी, मिथकीय आणि विशेषाधिकारसंपन्न असतो. 'आरंभ' हा ऐहिक, मानवनिर्मित आणि पुन्हा पुन्हा तपासता येण्याजोगा असतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, स्पायडर-मॅनची मूळ कथा ही आरंभाची कथा होती, आणि २०१२ च्या पुनर्कथनाने तिचे रूपांतर उगमाच्या कथेत केले. या रूपांतरात नायकाची जबाबदारी वाढल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात ती क्षीण होते.

(२)

ऑगस्ट १९६२ च्या 'अमेझिंग फँटसी' या चित्रकथापत्रिकेच्या १५ व्या अंकात स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी पीटर पार्कर प्रथम उभा केला. तोवर अतिमानवी नायकांच्या चित्रकथांत किशोरवयीन मुलगा आला तर तो बहुधा प्रौढ नायकाचा साहाय्यक म्हणून येई. येथे मुलगा स्वतःच नायक होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्या सामर्थ्याचे स्वरूप. सुपरमॅनचे सामर्थ्य जन्मजात आहे. तो दुसऱ्या ग्रहावरून आला आहे. पीटरला मात्र विज्ञानप्रयोगाच्या प्रदर्शनात किरणोत्सर्गाने बाधित झालेला एक कोळी चावतो. कोळ्याला कोण चावले जात आहे याची जाणीव नाही, आणि पीटर त्या सामर्थ्याला पात्र होता असा दावाही कथा करीत नाही. ते कोणाच्याही वाट्याला येऊ शकले असते.

हा योगायोग कथेचा दोष नाही, तिचा नैतिक पाया आहे. सामर्थ्य लाभताच पीटर ते पैशासाठी आणि प्रसिद्धीसाठी वापरू लागतो. दूरचित्रवाणीच्या केंद्रात एक चोर त्याच्या समोरून पळतो. अडविणे सहज शक्य असताना तो अडवीत नाही. पुढे तोच चोर त्याच्या काकांचा खून करतो. कथेत दोन योगायोग आहेत, कोळी चावणे आणि चोर नेमका काकांच्याच घरी जाणे. या दोहोंच्या मध्ये एक नकार आहे, आणि तो पूर्णपणे पीटरचा आहे. खुन्याचा चेहरा दिसतो त्या क्षणी ॲरिस्टॉटलच्या परिभाषेतील प्रमाद, विपर्यास आणि अभिज्ञान हे तिन्ही घटक एकाच चौकटीत एकवटतात. पीटर खुन्याला ओळखतो, म्हणजेच तो स्वतःला ओळखतो.

सामर्थ्य आणि जबाबदारी यांचा अन्योन्यसंबंध सांगणारे प्रसिद्ध वाक्य १९६२ च्या कथेत काकांच्या तोंडी नाही. ते शेवटच्या चौकटीतील निवेदकाचे वाक्य आहे. घटना घडून गेल्यावर उच्चारलेला तो निवाडा आहे. २००२ च्या चित्रपटात रायमी आणि पटकथाकार डेव्हिड केप यांनी हे वाक्य बेन काकांना दिले. मोटारीत बसून काका ते सांगतात, पीटर ते झिडकारतो, आणि त्याच दिवशी काका मरतात. निवेदकाचा निवाडा येथे न ऐकलेला उपदेश होतो. भावनिकदृष्ट्या हे अधिक परिणामकारक आहे, परंतु संरचना कायम राहते. कुस्तीच्या आयोजकाने ३००० डॉलरऐवजी १०० डॉलर हातावर टेकविल्याच्या रागातून पीटर चोराला वाट करून देतो आणि पुढे त्याच चोराचा चेहरा त्याच्यासमोर येतो. रायमींनीच २००७ च्या तिसऱ्या भागात खरा खुनी दुसराच होता असे दाखवून या संरचनेला तडा दिला, हे मान्य करावयास हवे. २०१२ च्या चित्रपटात जे घडले त्याची पूर्वचिन्हे त्या तडजोडीत होती.

(३)

२०१२ च्या चित्रपटाचा प्रारंभ कोळ्यापासून होत नाही. तो पित्यापासून होतो. लहानगा पीटर लपाछपी खेळत असताना वडिलांची अभ्यासिका कोणीतरी उचकटल्याचे त्याला दिसते. त्याच रात्री आईवडील त्याला बेन काका आणि मे काकू यांच्याकडे सोडून निघून जातात. पुढे शाळकरी पीटरला (अँड्र्यू गारफिल्ड) तळघरात वडिलांची चामडी बॅग सापडते. तिच्यातील कागदपत्रांच्या मागाने तो वडिलांचे जुने सहकारी डॉ. कर्ट कॉनर्स यांच्यापर्यंत, म्हणजे ऑसकॉर्प या कंपनीच्या इमारतीत पोहोचतो, दुसऱ्याच्या नावाचा बिल्ला लावून आत शिरतो आणि मज्जाव असलेल्या दालनात त्याला कोळी चावतो.

वरवर पाहता हा तपशिलाचा बदल आहे. कथनाच्या तर्काच्या दृष्टीने मात्र तो आमूलाग्र आहे. १९६२ मध्ये कोळी पीटरपर्यंत येतो; २०१२ मध्ये पीटर कोळ्यापर्यंत जातो, आणि पित्याच्या संशोधनाचा मार्ग त्याला तेथे नेतो. २०१४ च्या उत्तरभागाने हा तर्क शेवटास नेला. त्या कोळ्यांत वडिलांनी स्वतःचेच जनुकीय द्रव्य वापरले होते, त्यामुळे तो दंश केवळ त्यांच्या रक्ताच्या वारसालाच मानवणार होता, असे तेथे उघड होते. आता तो कोळी कोणालाही चावून चालले नसते. योगायोगाची जागा वारशाने घेतली.

सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०९ मध्ये एका छोट्या निबंधात बालमनाच्या एका कल्पनाव्यूहाचे वर्णन केले आहे. ज्यांच्या घरी आपण वाढलो ते आपले खरे जन्मदाते नव्हेत, आपले खरे मातापिता कोणी थोर आहेत, असे मूल योजीत असते. ऑटो रँक यांनी त्याच वर्षी हाच व्यूह वीरनायकांच्या जन्मकथांत शोधला. २०१२ च्या चित्रपटाने पीटरच्या कथेवर हा व्यूह जसाच्या तसा बसविला आहे. क्वीन्समधील साध्या घरातील काकाकाकू हे पालनकर्ते, आणि गुप्त संशोधन करणारा, संकटात नाहीसा झालेला शास्त्रज्ञ हा खरा पिता. किशोरवयीन प्रेक्षकाला ही कल्पना सुखद वाटावी यात नवल नाही. मात्र सुखद कल्पना आणि नैतिक प्रश्न एकाच वेळी नांदणे कठीण असते. महाभारताच्या उद्योगपर्वात कर्णाला त्याचे जन्मरहस्य प्रथम कृष्णाकडून आणि मग कुंतीकडून कळते, आणि ते कळल्यावरही तो राधा-अधिरथाचे पुत्रत्व सोडीत नाही. थोर उगम उपलब्ध असताना तो नाकारणे, हे त्याच्या शोकात्म उंचीचे गमक आहे. या चित्रपटात तो नकार संभवतच नाही, कारण उगमाचा शोध हेच कथेचे इंजिन आहे.

(४)

याचा परिणाम काकांच्या मृत्यूवर कसा होतो, हे बारकाईने पाहण्याजोगे आहे. मे काकूला आणावयास जाण्याचे पीटर विसरतो. काका रागावतात, कृती करण्याची क्षमता असेल तर ती करणे हे कर्तव्य ठरते, असे काहीसे लांबण लावून सांगतात. प्रसिद्ध वाक्य मात्र उच्चारले जात नाही. पूर्वीच्या चित्रपटापासून वेगळे दिसण्याच्या गरजेने त्या वाक्याचा विस्तार झाला आणि त्याची धार गेली. काकांनी आपल्या वडिलांचा दाखला देताच पीटर संतापून घराबाहेर पडतो. म्हणजे या भांडणाचा विषयही अनुपस्थित पिता हाच आहे.

दुकानात दुधाच्या बाटलीसाठी दोन सेंट कमी पडतात आणि विक्रेता ती देत नाही. तेवढ्यात एक तरुण गल्ला उचलतो, जाता जाता बाटली पीटरकडे फेकतो. विक्रेत्याने मदत मागितली असता पीटर त्याचेच शब्द त्याला परत करतो. रस्त्यावर काकांशी झालेल्या झटापटीत चोराची बंदूक सुटते. हा प्रसंग स्वतंत्रपणे पाहिला तर पूर्वीच्या दोन्ही कथनांपेक्षा अधिक विश्वसनीय आहे. तीन हजार डॉलरच्या जागी दोन सेंट आल्याने नकार अधिक क्षुद्र, आणि म्हणून अधिक मानवी झाला आहे. परंतु पुढे काय होते? पोलिसांनी आणलेल्या रेखाचित्रावरून पीटर चोराला ओळखतो आणि मनगटावरील ताऱ्याच्या गोंदणाच्या खुणेने त्याला शोधत रात्री हिंडू लागतो. एकामागून एक चोर धरले जातात. तो मात्र सापडत नाही, आणि चित्रपट संपेपर्यंत सापडतच नाही. अभिज्ञानाचा क्षण अनिश्चित काळापर्यंत लांबविला गेला आहे.

अपूर्ण शोध हाही एक समर्थ आशय होऊ शकला असता. अपराधभावाला अंत नसतो हे त्यातून सूचित करता आले असते. पण चित्रपटाला शोध अपूर्ण ठेवण्यापेक्षा तो विसरण्यात रस आहे. श्रेयनामावलीच्या मध्येच येणाऱ्या छोट्या दृश्यात एक अनोळखी माणूस तुरुंगातील कॉनर्सला प्रश्न विचारतो तो पीटरच्या पित्याविषयी. काकांचा खुनी हा कथेच्या दृष्टीने संपलेला विषय आहे. पित्याचे रहस्य मात्र पुढील भागासाठी राखून ठेवावयाचे आहे.

(५)

चित्रपटात पित्याच्या जागी उभे राहणारे चार पुरुष आहेत. रिचर्ड पार्कर, बेन काका, कॉनर्स आणि पोलीस अधिकारी जॉर्ज स्टेसी. यांपैकी कॉनर्सच्या प्रकरणात जबाबदारीचे एक खरे बीज दडलेले होते. पित्याच्या कागदांतील सूत्र कॉनर्सला पीटरच देतो. त्या सूत्राशिवाय तुटलेला हात परत मिळविण्याची लस तयार झाली नसती आणि कॉनर्सचा महाकाय सरडा झाला नसता. हे अज्ञान आणि थोडी बढाई यांतून घडलेले पीटरचे स्वतःचे कृत्य आहे. काकांच्या मृत्यूपेक्षाही याचे परिणाम व्यापक आहेत. पीटर ही जबाबदारी स्वीकारतो. परंतु चित्रपट तिला अंतर्मुखतेचा अवकाश देत नाही आणि शेवटच्या लढाईची सबब म्हणून तिचा वापर करतो.

इरफान खान यांनी साकारलेल्या डॉ. रजित राथा या व्यक्तिरेखेची गत याहून सूचक आहे. राथा हा ऑसकॉर्पच्या मरणासन्न मालकाचा प्रतिनिधी. माणसांवर प्रयोग करण्यास कॉनर्स नकार देताच तो त्याला काढून टाकतो, आणि माजी सैनिकांच्या रुग्णालयात फ्लूच्या लसीच्या नावाखाली प्रयोग करावयास निघतो. भांडवल, ज्ञान आणि दुर्बलांची शरीरे यांचा संबंध येथे एका वाक्यात उघडा पडतो. पण पुलावरील प्रसंगानंतर राथा कथेतून नाहीसाच होतो. त्याचे काय झाले याची नोंदही संहिता घेत नाही. उम्बेर्तो एको यांनी १९६२ मधील सुपरमॅनविषयक विवेचनात दाखवून दिले होते की, अशा कथांत दुष्टता खासगी मालमत्तेवरील आक्रमणाच्या रूपात आणि सज्जनता दानधर्माच्या रूपातच अवतरते. नायकाला नागरी भान असते, राजकीय भान नसते. अर्धशतकानंतरच्या या चित्रपटात राजकीय भानाची शक्यता निर्माण होते आणि निवेदनाच्या एका छिद्रातून गळून जाते. उगमाच्या रहस्यात गुंतलेल्या कथेला राथाच्या गुन्ह्याचे प्रयोजन उरलेले नाही.

(६)

तरीही या चित्रपटात एक प्रसंग असा आहे की, तो प्रस्तुत लेखाच्या प्रतिपादनाला आतूनच प्रत्युत्तर देतो. विल्यम्सबर्ग पुलावर सरडा मोटारी खाली फेकत असताना पीटर त्या तंतूंनी लटकवून धरतो. त्यांपैकी एकीत एक लहान मुलगा अडकला आहे आणि मोटार पेटली आहे. घाबरलेल्या मुलासाठी पीटर स्वतःचा मुखवटा काढतो आणि तो घातल्याने बळ येईल असे सांगून त्याला देतो. मुलगा मुखवटा घालून वर चढतो. त्याला पित्याच्या हाती सोपविल्यावर तो पिता विचारतो, 'तू कोण आहेस?' आणि पीटर आपले नवे नाव प्रथमच उच्चारतो.

या प्रसंगात सूडाचा शोध संपतो आणि रक्षणाचे कार्य सुरू होते. नायकाला नाव मिळते ते वंशातून नव्हे, कृतीतून. आणि मुखवटा दुसऱ्याला देता येतो, म्हणजेच सामर्थ्याची खूण कोणाच्याही चेहऱ्यावर बसू शकते. १९६२ च्या कथेतील योगायोगाचे तत्त्व येथे नकळत परत आले आहे. पुढे त्या मुलाचा पिता, जो यारी चालविणारा कामगार आहे, आपल्या सहकाऱ्यांना बोलावून रस्त्यावरील याऱ्यांच्या भुजा जखमी पीटरसाठी ओळीने वळवितो. प्रसंग भावविवश आहे, पण सामर्थ्य हे परस्परांच्या देण्याघेण्यातून उभे राहते हे तो दाखवितो. येथे चित्रपट आरंभाची कथा सांगतो.

शेवटाकडे साहित्याच्या वर्गातील एक छोटे दृश्य येते. जगातील साऱ्या कथांत मिळून दहाच कथानके असतात असे शिकविले जाते, पण आपल्या मते एकच कथानक आहे, 'मी कोण?', असे शिक्षिका सांगतात. व्लादिमीर प्रॉप यांच्या परंपरेतील गणनेवर केलेली ही मिस्किल टिप्पणी चित्रपटाने स्वतःविषयीच केली आहे. प्रश्न एकच असला तरी या चित्रपटात त्याची उत्तरे दोन आहेत. पुलावरील उत्तर कृतीचे आहे. दुसरे उत्तर मृत काकांच्या ध्वनिमुद्रित निरोपातून येते. पीटर अखेरीस तो निरोप ऐकतो. त्यात काका त्याला थोरपण त्याच्या नियतीतच आहे आणि लाभलेल्या देणग्यांचे तो जगाला देणे लागतो, असे सांगतात. म्हणजे ज्या पालनकर्त्याच्या मृत्यूतून जबाबदारी जन्माला यावयाची, त्याच्याच मुखाने ती नियतीत विलीन केली जाते. येथे ऋणाचे कारण घडलेली चूक नाही. जन्मतःच असलेली थोरवी आहे. दोन उत्तरांपैकी चित्रपटाने शेवटचा शब्द या उत्तराला दिला.

(७)

नियोजित तिसरा भाग न निघताच ही मालिका थांबली, आणि २०१५ मध्ये सोनी व मार्व्हल यांच्यात झालेल्या करारानंतर पुन्हा एक आरंभ झाला. २०१७ च्या 'स्पायडर-मॅन : होमकमिंग'ने दंश आणि काकांचा मृत्यू हे दोन्ही दाखविण्याचे टाळले; २०२१ च्या 'नो वे होम'मध्ये प्रसिद्ध वाक्य मरणासन्न मे काकूच्या तोंडी आले. उगमाचा मोह भौगोलिकही असतो, हे २००४ मधील 'स्पायडर-मॅन : इंडिया' या शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांच्या चित्रकथेने दाखविले होते. तिच्यात खेड्यातून मुंबईत शिकावयास आलेल्या पवित्र प्रभाकरला एका योग्याकडून सामर्थ्य मिळते. प्रयोगशाळेची जागा अध्यात्माने घेतली हा स्थानिकीकरणाचा भाग झाला; पण दुष्टांच्या निर्दालनासाठी योग्याने निवडलेला मुलगा हा योगायोगाने सापडलेला मुलगा राहत नाही. अनुग्रह हेही वारशाचेच एक रूप आहे. मुंबईसारख्या शहरात परगावच्या मुलाला अपघातानेच काय काय मिळते आणि काय हिरावले जाते, याची कथा तेथे हाताशी होती आणि ती निसटली.

या साऱ्या आरंभ-पुनरारंभांचा सर्वांत तीक्ष्ण विचार २०२३ च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या सचेतपटाने केला, ही लक्षणीय गोष्ट आहे. त्यात पवित्र प्रभाकर 'मुंबाटन' या मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या नावांतून घडविलेल्या नगरात येतो. असंख्य विश्वांतील असंख्य स्पायडर-मॅनांच्या आयुष्यात काही प्रिय व्यक्तींचा मृत्यू अटळ आहे, तोच त्यांच्या कथांचा आधार आहे, असा सिद्धान्त तेथे मांडला जातो. माइल्स मोरालेस हा मुलगा तो नाकारतो. त्याला चावलेला कोळी दुसऱ्याच विश्वातून आलेला होता, त्यामुळे तो स्पायडर-मॅन व्हावयाचाच नव्हता, असे त्याला सुनावले जाते. त्याला वारसा नाही आणि नियतीही नाही. त्याच्याजवळ आहे तो केवळ अपघात. आणि नेमका तोच, इतरांनी अटळ मानलेल्या मृत्यूला विरोध करतो.

१९६२ च्या कथेचे मर्म येथे पुन्हा हाती लागते. जे सामर्थ्य आपल्याला पात्रतेने मिळाले असे माणूस मानतो, त्याचा हिशेब तो फक्त आपल्या वंशाला किंवा आपल्या नियतीला देतो. जे सामर्थ्य शेजाऱ्याच्याही वाट्याला येऊ शकले असते हे त्याला ठाऊक असते, त्याचा हिशेब त्याला शेजाऱ्याला द्यावा लागतो. २०१२ च्या चित्रपटाने पीटरला पिता दिला, पूर्वज्ञान दिले, थोरवी दिली आणि त्या बदल्यात त्याच्या एका क्षुद्र नकाराचे वजन काढून घेतले. पुनर्कथनाचे मूल्यमापन करताना नवे काय आणले एवढेच विचारून भागत नाही. मूळ कथेने वाचकापुढे ठेवलेला प्रश्न नव्या कथनात शिल्लक राहिला की त्याचे परस्पर उत्तर देऊन टाकले गेले, हेही विचारावे लागते. पुलावर मुखवटा दुसऱ्याच्या हाती जातो तेवढा वेळ या चित्रपटात तो प्रश्न शिल्लक आहे. पुढे पित्याच्या बॅगेतील कागद त्याला झाकून टाकतात.